देवीनं तारीख सांगितली नाही

फुलांच्या धंद्यात सकाळचा माल संध्याकाळी कोमेजतो; किश्शांचं मात्र उलटं आहे. अमरावतीत देवीच्या देवळाबाहेर आमची हारफुलांच्या दुकानांची ओळ आहे. पहाटेच्या एसटीनं नांदगाव खंडेश्वरकडून फुलांची पोती येतात, आम्ही अर्धवट झोपेत हार ओवायला बसतो, धुपाच्या धुरात समोरचं माणूससुद्धा धूसर दिसतं. आणि कुणीतरी म्हणतं, "गजाननभाऊचा कौल आठवते काय?" झालं! शंभरदा ऐकलेला किस्सा पुन्हा ताजा होतो.

*

आमच्याकडे देवीला कौल लावतात. तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलं ठेवायची, मनातलं विचारायचं. उजवं फूल आधी पडलं तर देवीनं शब्द दिला. आमच्या ओळीचा मात्र एक जादा नियम आहे. स्वतःच्या दुकानातलं फूल कौलाला न्यायचं नाही, शेजारच्याकडून घ्यायचं. कुठलं फूल कधी घसरेल, हे आम्हाला नाही कळणार तर कुणाला?

कोपऱ्यावरच्या गजाननभाऊनं पोरीच्या लग्नासाठी हा नियम मोडला. उजवीकडे स्वतःच्या टोपलीतला टपोरा जड झेंडू ठेवला, डावीकडे हलकीशी शेवंती. प्रश्न अजून तोंडातच होता, तेवढ्यात झेंडू खाली!

पुजारी म्हणाला, "भाऊ, देवीले आधी आयकू तं द्या."

पोरीचं लग्न पुढं झालं. ते देवीनं जमवलं की झेंडूनं, यावर गल्लीत अजून एकमत नाही.

*

माझ्या शेजारचं दुकान सुभद्रामावशी आणि बाबूरावकाकांचं. काकांचा आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी शिरलेलं गिऱ्हाईक सरळ त्यांच्यासमोर येऊन उभं राहायचं. भाव तेच सांगायचे, गप्पाही तेच मारायचे. मावशी नुसती ओवायची.

मग काकांना लकवा झाला. हातपाय हळूहळू हलायला लागले, वाचा गेली ती गेलीच. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार.

मावशीनं नियमाप्रमाणे माझ्याकडची शेवंती नेली आणि कौल लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी हातातला हार खाली ठेवला. "देवी म्हणते, बोलतीन," ती म्हणाली.

"कवा?" मी विचारलं.

"तारीख तिनं नाही सांगतली, मी नाही इचारली. एवढ्या मोठ्या बाईच्या मांगं लागाचं असते काय?"

*

दुसऱ्या दिवसापासून काकांची खुर्ची दुकानात आली. गिऱ्हाईक म्हणालं, थोडं कमी करा, की मावशी म्हणायची, "थांबा, मालकाले इचारून राहिली." मग काकांकडे तोंड करून विचारायची, "देऊ काय हो?" आणि खरोखर उत्तराची वाट बघायची. काका तिच्याकडे बघत राहायचे. बरीच वाट बघून झाली की ती स्वतःच काय ते ठरवायची.

आम्ही चेष्टा करायचो. काही गिऱ्हाइकं वैतागून माझ्याकडे यायची, मला काय, बरंच होतं! पण एकदा एक साहेब आले. काकांची ती शांत नजर बघून त्यांना वाटलं, मालक रागावले. त्यांनी घाबरून आपणहून भाव वाढवला.

गजाननभाऊ त्या दिवशी म्हणाला, "मी दिवसभर बोंबलतो, मले कोणी वाढवून नाही देत."

*

मावशीनं दुकानामागं चाफ्याची एक फांदी रोवली. बोटाएवढी काडी ती. मी विचारलं, ही कधी वाढायची? तर म्हणाली, "हे बोलाले लागले की थांबनार हायेत काय? लोकं आयकाले बसतीन. सावली नको?"

मी हसले. नंतर घरी जाताना मात्र मला उगाच भरून आलं.

*

एका दसऱ्याच्या तोंडावर पाऊस आला आणि शेतातला झेंडू जागच्या जागी काळा पडला. ओळीतल्या प्रत्येकाच्या टोपल्या रिकाम्या. गजाननभाऊ म्हणाला, देवी आपल्याच गल्लीला विसरली. मावशी नेहमी अशा बोलण्यावर फटकारायची. त्या दिवशी नुसती रिकामी टोपली झटकत राहिली.

दुपारी देवळात गर्दी नव्हती. मी पाया पडायला गेले तर मावशी देवीसमोर उभी. हात जोडलेले नव्हते, कमरेवर होते.

"जमत नसन तं तसं सांग," ती म्हणत होती. "मी रागावनार नाही. पन आता थकली मी."

मी आल्या पावली मागं फिरले. थोड्या वेळानं ती आली, काकांच्या अंगावरची शाल सारखी केली आणि उरलीसुरली फुलं ओवायला बसली. मला तिची फार माया आली.

*

चाफा आता दुकानाच्या पत्र्यावर आलाय. फुलं गळतात, पत्र्यावर हलकासा आवाज होतो, आणि दुपारच्या पेंगेत वाटतं, कुणीतरी हळूच बोलतंय. मी कितीदा फसले असेन.

परवा अशीच दुपार होती. मावशीला आदल्या दिवसापासून कणकण होती, डोळे मिटत होते. एक बाई आली, हार उचलला, थोडं कमी करा म्हणाली. मावशीनं मान वर केली नाही. काकांकडेही पाहिलं नाही. "ने बाई," एवढंच म्हणाली आणि हार पानात बांधायला घेतला.

पत्र्यावर फूल पडलं. मी लक्ष दिलं नाही.

मग पुन्हा आवाज झाला, आणि तो पत्र्यावरून आला नव्हता. जाडसर, घासलेला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या दारासारखा.

"मले... इचार."

गजाननभाऊच्या हातातला दोरा सुटून मणी घरंगळावेत तशी फुलं रस्त्यावर गेली. ओळीत कुणी हललं नाही. त्या बाईला बिचारीला काय माहीत! तिनं हात पुढं करून म्हटलं, "अहो, देता का लवकर?"

मावशीनं अर्धा बांधलेला हार पानातून काढून पुन्हा टोपलीत ठेवला. पदर डोक्यावर नीट घेतला. खुर्चीकडे तोंड करून बसली.

"थांब बाई," ती म्हणाली, "मालकाले इचारून राहिली."