सासुरवाडीच्या नळाखालचा डबा

आता माझीच अब्रू मी कशी काढू? पण ऐकाच!

पिंपरी पेंढार माझी सासुरवाडी. मेव्हणीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी आणि बायको आदल्या दिवशीच पोचलो. अंगणातला नळ बंद असूनही गळत होता. खाली पत्र्याचा डबा पालथा, त्यावर ठण, ठण, ठण! मला असलं बघवत नाही. जावयाने नुसतं खायचंच का?

सासूबाई आणि बायको साडी आणायला जुन्नरला गेल्या. पाणी गेल्यावर मी आळेफाट्यावरून रबरी वायसर आणला, नळ खोलून बसवला, पांढरी टेप गुंडाळली. आणि तो गंजका डबा? दिला भंगारवाल्याला!

दुसऱ्या दिवशी नळाशेजारी खुर्ची टाकून ऐटीत बसलो. एक थेंब पडेल तर शपथ! शेजारच्या हौसाकाकू डोकावल्या.

"पावणं, पाणी नाय का आलं अजून?"

नळाखाली तर सगळं कोरडं. मी ठणकावून सांगितलं, "नाही आलं!"

मग समोरचे भाऊ आले, पलीकडची वहिनी आली. आख्खी आळी विचारून गेली आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होतो!

शेवटी सासूबाई हंडा घेऊन बाहेर आल्या. "आज डबा कसा वाजंना? पावणे यायची येळ झाली!"

मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी घाईघाईने नळ सोडला. फुस्स! नुसती हवा. तेवढ्यात पाणी सोडणारा गाडीवरून चालला होता.

"आवो, लई येळ सोडलं व्हतं की! आत्ताच बंद केलं."

तिथे पाण्याच्या वेळेचा नेम नाही. नळ गळून डबा वाजला की सगळी आळी हंडे लावायची. म्हणजे मी गावकीची घंटाच भंगारात घातली होती!

मेव्हणी नव्या साडीत रडकुंडीला आलेली. घरात चहापुरतंही पाणी नाही! मग काय, मळ्यातल्या विहिरीवरून मोटारसायकलवर कॅन आणत मी खेपा घातल्या. कडक इस्त्रीची पँट चिखलाने भरली. पाहुण्यांना पोरगी पसंत पडली, देवच पावला म्हणायचा!

साखरपुड्याला गेलो, तर अंगणात नळाशेजारी खुर्ची तयार.

"बसा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "नळ सोडून ठेवलाय. पाणी आलं की वरडा."

तिसरा चहा संपवतोय तोच पाणी आलं. वरडलो राव! "पाणी आलंऽऽ!" म्हणत आळीभर पळालो.

हौसाकाकू हंडा लावता लावता म्हणाल्या, "आवाज बराय पावण्याचा. पण डबाच बरा व्हता बाई. त्याला सारखा चहा लागत नव्हता!"