उलटी आलेली लाईन

सिरसाळ्यात माझ्या वडिलांचं मोटारी भरायचं दुकान होतं. भरायचं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. दुष्काळ पडलाय हे लोक आभाळाकडे बघून सांगत, मी दुकानाच्या पायरीकडे बघून सांगायचे. पहिल्या वर्षी विहिरींचं पाणी खाली जाई, मोटारी कोरड्या फिरून जळत आणि पायरीवर त्यांची रांग लागे. वडिलांना जेवायला फुरसत नसे. दुसऱ्या वर्षी पायरी मोकळी. पाणीच नाही तर मोटार लावणार कोण आणि जळणार काय? मला ह्या धंद्याचा तेव्हा फार राग यायचा. लोकांचं नुकसान झालं तर आमचं पोट भरायचं, आणि लोक पार बुडाले की आम्हीही त्यांच्या बरोबर.

राग होता तरी हात शिकत गेले. माझी बोटं बारीक, मोटारीच्या खाचांत नीट जायची. लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईने ही गोष्ट लपवून ठेवली होती. मुलीच्या नखांत वार्निश असतं हे सोयरिकीत सांगण्यासारखं नव्हतं. पण आमचे हे बघायला आले आणि पोह्यांकडे ढुंकूनही न बघता कोपऱ्यातल्या उघड्या मोटारीकडे बघत बसले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "ही कोण भरतंय?" मी म्हणाले, "मी." लग्न तिथेच ठरलं असं मी मानते, बाकीचे लोक पत्रिका जुळली म्हणतात.

हे केजजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात टर्नर होते. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहायचं आणि मोडलेल्या प्रत्येक वस्तूची नवी वस्तू करायची, हे त्यांचं काम आणि हेच त्यांचं सुख. मग सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. ऊस जनावरांच्या तोंडी गेला, कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. "हंगाम लागला की बोलावू," असं सांगून माणसांना घरी पाठवलं. शिरूर कासारकडचे ऊसतोड करणारे निदान परजिल्ह्यातल्या कारखान्यांवर गेले. कारखान्यातल्या टर्नरने कुठे जावं?

आमच्या घराला लागून सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. सासरे गेले, गिरणी बंद पडली, पण खोलीपर्यंत आलेली थ्री फेज लाईन तशीच राहिली. ह्या खोलीत ह्यांनी भंगारातून आणलेली एक जुनी मिलिंग मशीन, म्हणजे लोखंड कोरायचं यंत्र, बसवली होती. तिला छोट्या मोटारी लावल्या, औरंगाबादच्या एका मित्राकडून कंट्रोल कार्ड आणलं, एक म्हातारा कॉम्प्युटर जोडला आणि मशीन आपोआप चालेल असं केलं. गावात चेष्टा सुरू झाली. रस्त्याने जाणारा कुणीही दारात डोकावून विचारायचा, "काय मिस्तरी, दळण कधी काढताव?" हे हसायचे. मी हसायचे नाही. माझा स्वभावच तसा आहे, चेष्टा मला दुसऱ्या दिवशी कळते आणि तिसऱ्या दिवशी तिचा राग येतो.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. चाकणच्या एका कंपनीतून ह्यांना बोलावणं आलं. आणि आमच्याकडच्या सहकारी दूध संस्थेला कडबाकुट्टीच्या यंत्रांसाठी लोखंडी पट्ट्या करून हव्या होत्या. चारा असा महाग झाला होता की जनावराने तुडवलेला कडबादेखील डोळ्यांत खुपायचा. बारीक कापून घातला तर वाया जात नाही, म्हणून संस्था सभासदांची जुनी कुट्टी यंत्रं दुरुस्त करून देणार होती. पाती ज्या पट्टीवर बसतात ती पट्टी नवी करायची, तिच्या भोकांत आटे पाडायचे. काम मिळालं तर हे घरी राहणार, नाही मिळालं तर चाकण. इतकं सरळ होतं ते.

चाकणचं ऐकलं त्या संध्याकाळी मी रागाच्या भरात म्हणाले होते, "जा खुशाल. तुमची म्हातारी आई, दोन म्हशी आन् पान्याचा टँकर, समदं मी एकटीच ओढते." त्यावर हे काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं फार वाईट. बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

आता आटे पाडायचे म्हणजे काय, ते सांगते. आटे पाडायच्या हत्याराला टॅप म्हणतात. तो मशीनच्या फिरत्या डोक्यात, म्हणजे स्पिंडलमध्ये, पकडायचा. स्पिंडल सुलटं फिरलं की टॅप भोकात आटे कापत जातो. तळाशी गेला की स्पिंडल थांबवून उलटं फिरवायचं, म्हणजे तो आल्या वाटेने बाहेर येतो. ह्यांच्या मशीनला सुलटं तेवढं येत होतं. उलटं फिरवायची जोडणी माझ्याकडे आली, कारण लोखंड त्यांचं आणि तांबं माझं अशी वाटणी आमच्यात पहिल्यापासून आहे.

थ्री फेज मोटारीच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून दोन कॉन्टॅक्टर लावायचे, म्हणजे दोन मोठे आपोआप चालणारे स्विच, एक सुलट्याचा आणि एक उलट्याचा. कॉम्प्युटरचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचवायला काडेपेटीएवढे दोन रिले. पण दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर फेजला फेज भिडतो आणि पॅनेलमध्ये, म्हणजे ह्या स्विचांच्या पेटीत, दिवाळी होते.

"मी प्रोग्राममध्ये थांबा टाकलाय," हे म्हणाले. "एक सुटल्यावरच दुसरा धरतोय."

"आन् प्रोग्राम चुकला तर?"

"कावून चुकंल?"

"माणसानंच लिहिलाय न्हाई का."

मी ऐकलं नाही. प्रत्येक कॉन्टॅक्टरमधून एक बारीक तार दुसऱ्याकडे नेली. एकाने धरलंय तोवर दुसऱ्याला धरताच येणार नाही, अशी. वडील नेहमी अशीच जोडणी करायचे. दोघांना एकमेकांची खबर असली पाहिजे, एवढंच त्या तारेचं काम. जोडणी झाली, मशीनने पहिल्यांदा टॅप आत नेला आणि बाहेर आणला, तेव्हा ह्यांनी मशीनला सोडून मला नमस्कार केला. मी म्हणाले, चेष्टा पुरे. पण आतून मला फार बरं वाटलं होतं.

दूध संस्थेचे चेअरमन बघायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी गावचा डीपी जळाला. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. उन्हाळ्यात तो जळतोच. गावकऱ्यांनी ट्रॅक्टरमधून दुसरा आणला, चढवला, संध्याकाळी लाईन घडीभर आली आणि गेली. आता सकाळी दहाला येणार होती.

आमच्याकडे डीपी बदलला की एक ठरलेली गोष्ट असते. वरच्या तारा जोडताना कुणाच्या हातून कुठला फेज कुठे जातो त्याचा नेम नसतो. लाईन येते, पण सगळ्या गावाच्या मोटारी उलट्या फिरतात. मग कुणी तक्रार करत बसत नाही. जो तो आपल्या स्टार्टरवर जाऊन दोन तारा बदलून घेतो. हात धुवावा इतक्या सहज आम्ही ते करतो, कुणाला सांगतही नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

सकाळी म्हशीला पाणी पाजताना शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "लाईन उलटी आलीया बरं का. माझी मोटार उलटी फिरली काल." मी हातातली बादली ठेवली, गिरणीत गेले, पॅनेल उघडून वरच्या दोन तारा बदलल्या आणि परत येऊन धारा काढायला बसले. लाईन नव्हती, त्यामुळे फिरवून बघायचा प्रश्नच नव्हता.

चेअरमन बरोबर दहाला आले आणि त्यांच्या मागोमाग लाईन. मोठा भला माणूस, पण घाईतला. ह्यांनी पट्टी शिकंज्यात आवळली, भोकावर टॅप आणला, बटण दाबलं. स्पिंडल फिरलं. टॅप भोकाच्या तोंडाशी नुसता घासत राहिला, मशीन वरून दाबत राहिली. मला आवाजावरूनच कळलं. मी "बंद करा!" म्हणून ओरडेपर्यंत तड्कन टॅप तुटला होता.

"उलटं फिरलं," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुझे रिले."

"माझ्या रिलेला काय धाड भरलीय?" परक्या माणसासमोर मी ह्यांना असं बोलायला नको होतं, पण बोलले. "लाईन उलटी आली होती, ती सकाळीच मी पॅनेलमधी सुलटी करून ठेवलीय."

ह्यांचा चेहरा उतरला. "मी बी केली," ते म्हणाले. "मेन स्विचात. काका मला बी बोलले, तवाच."

दोघांनीही दुरुस्ती केली होती, त्यामुळे लाईन होती तशी उलटीच राहिली. तेवढ्यात चेअरमनचा फोन वाजला म्हणून बरं झालं. ते बोलत बोलत बाहेर लिंबाच्या सावलीत गेले. त्या मापाचा आणखी एकच टॅप घरात होता. हे मेन स्विच पाडून माझ्या शेजारी येऊन बसले. मी पॅनेल उघडलं, हे एकेक स्क्रू हातात धरत होते.

"आजून काय काय बदलून ठिवलंस मला न सांगता?" ते हळूच म्हणाले. चेष्टेत म्हणाले, वातावरण हलकं करायला.

मला मात्र खोटं बोलवेना. "पुण्यातल्या माझ्या भावाला खोली बघायला सांगितलीय," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. चाकणला जायला."

"तू?"

"तुमचं मन तिकडं हाय. माझ्यामुळं अडकून बसू नका, म्हणून."

त्यांनी हातातले स्क्रू पॅनेलच्या कडेला ठेवले. मग म्हणाले, "मी परवाच कंपनीला न्हाई म्हणून कळवलं."

मी तार हातात धरून तशीच बसले. नोकरी गेली होती. काम अजून मिळालं नव्हतं, आणि बाहेर फोन संपत आला होता. मला ह्यांचा संताप आला, माझा स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि डोळे भरून आले ते पॅनेलमधल्या धुळीने नव्हे.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू एकदाच बोललीस. एकटीनं ओढते म्हणालीस. मग पुन्हा काय इचारायचं?"

"ते रागात बोलले मी! राहा म्हणायचं होतं मला."

"मग राहा म्हणायचं ना," ते म्हणाले. एवढंच. आवाज न चढवता.

मी ती बारीक तार बघत होते, एका कॉन्टॅक्टरमधून दुसऱ्याकडे गेलेली. लोखंडाच्या डब्यांसाठी मी ती हट्टाने ओढली होती. घरात नव्हती.

दोन तारा मी परत जागेवर आणल्या. ह्या वेळी टॅप न लावता आधी नुसतं स्पिंडल फिरवलं, वर खडूची खूण करून. आधी मी बघितलं, मग ह्यांनी वाकून बघितलं, मग दोघांनी एकमेकांना तोंडाने सांगितलं, "सुलटं." चेअरमन आत आले. टॅप भोकात उतरत गेला, तळाशी थांबला. सुलट्याचा रिले सुटल्याचा आवाज आला आणि क्षणभर काहीच झालं नाही. तो क्षण मला फार लांब वाटला. मग दुसऱ्या रिलेने धरलं आणि टॅप उलटा फिरत, चकचकीत, अख्खा बाहेर आला.

चेअरमननी खिशातून एक बोल्ट काढला. घरून घेऊनच आले होते. बोटाने फिरवत तो भोकात पार बसवला, काढला, पुन्हा बसवला. "करा सुरू," ते म्हणाले. "आन् ताई, ते मघाचं रिलेचं भांडण... आमच्या घरी बी आसंच असतंय." मग चहा झाला. तो ह्यांनी केला, कारण माझे हात काळे होते. सासूबाई आतून बघत होत्या.

पट्ट्यांचं काम दुष्काळ होता तोवर चाललं. पुढे पाऊस झाला, हिरवा चारा आला आणि कुट्टीची गरज सरली. पुन्हा तीच वडिलांच्या पायरीची गोष्ट. पाण्याने भरलेला ओढा बघून मी आनंदाने रडले, आणि रडताना मनात येऊन गेलं की आता पट्ट्या कोण घेणार. मला त्या विचाराची लाज वाटली. मी ती त्याच संध्याकाळी ह्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "मला बी तेच वाटलं." मग मोटारी पंपाला जोडायचे कपलिंग निघाले, दूध संस्थेच्या पंपांचे भाग निघाले, आणि दिवस निघाले.

मशीन अजून गिरणीतच आहे. रिले दोनदा बदलले, बारीक तार तीच आहे. ह्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागतं, आणि एका परीने ते बरंच आहे. परवा पुन्हा डीपी बदलला. सकाळी लाईन आली तेव्हा मी चुलीपाशी होते. अंगणातून ह्यांचा आवाज आला, "मी हात लावला न्हाई गं!"

"मी बी न्हाई!" मी आतून ओरडले.

मग मी तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि आम्ही दोघं मिळून बघायला गेलो.