बारशाचे चार टेक

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी सिंगापुरात यिशुनमधल्या एका फ्लॅटमध्ये माझ्या भाचीचं बारसं चार वेळा झालं. बाळ एकच होतं. नाव एकच होतं. आत्याही एकच होती आणि पाठ तिचीच होती.

आत्या म्हणजे मी. पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरात आत्याला फारसे अधिकार नसतात, पण एक असतो: बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव जाहीर करण्याचा. (त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ही प्रथा कोणी सुरू केली याची नोंद नाही. नाहीतर त्याला गाठलं असतं.) हा अधिकार बजावण्यासाठी मी विमानाने आले. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्याने ती पुण्यातच राहिली. निघताना मी तिला बजावलं, ‘‘नाव आत्ता विचारू नकोस. बारशाला माझ्या तोंडून ऐकशील.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली. ‘‘पण व्हिडिओ नीट काढा. मला सगळं दिसलं पाहिजे.’’

या एका वाक्यावरून पुढचं सगळं घडलं.

माझा धाकटा भाऊ निखिल जुरोंग आयलंडवर इंजिनीअर आहे. कंपनीच्या बसमधून येता-जाता तो कॅमेऱ्यांची तुलना करत असे. बायको गरोदर होती तेव्हाही करत असे. बाळ झालं तेव्हा दोन कॅमेरे उरले होते. एक स्वतः फोकस करणारा, दिवसभर बॅटरी टिकणारा, पण चित्र दाबून लहान करणारा. दुसरा स्वस्तात रॉ चित्रण करणारा. म्हणजे सेन्सरला जे दिसलं ते सगळं जसंच्या तसं साठवणारा. फोकस हाताने करायचा, बॅटरी लगेच संपायची, आणि फायली अशा अवाढव्य की विचारू नका.

‘‘रॉमध्ये काही फेकून देत नाहीत, ताई,’’ निखिल फोनवर म्हणाला होता. ‘‘रंग, उजेड, सगळं नंतर ठरवता येतं.’’

कच्चा मजकूर पूर्ण हाती असावा, काटछाट नंतर करावी, हे मी डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगत आले आहे. मी म्हटलं, ‘‘मग रॉच घे!’’

हा सल्ला लेखी नाही, पण नाकारताही येत नाही.

‘‘फोनवर काढ ना सरळ,’’ बारशाच्या सकाळी माझी भावजय सायली म्हणाली.

‘‘फोनवर? खिडकीबाहेरचं आभाळ पांढरं होऊन जातं फोनवर!’’

‘‘होऊ दे. आईंना नात बघायचीय, आभाळ नाही.’’

निखिलने उत्तर म्हणून सगळ्या पाहुण्यांचे फोन गोळा करून फ्रिजवर ठेवले. स्क्रीनचा उजेड चेहऱ्यांवर पडतो म्हणे!

पहिल्या टेकला मी वाकले, ‘कुर्रर्र’ केलं, ‘रेवा!’ म्हणून जाहीर केलं. धपाटे बसले. त्यातला एक वेगळा होता. तो शेजारच्या लिम आंटींचा होता. त्या रोज पहाटे खाली व्यायाम करतात आणि प्रथा समजावून सांगितल्यापासून वाट पाहत होत्या.

‘‘थांबा!’’ निखिल ओरडला. ‘‘फोकस पाळण्यावरच्या चिमणीवर राहिला.’’

‘‘मग?’’

‘‘परत.’’

‘‘अरे, बारसं आहे की तालीम?’’

‘‘आईसाठी, ताई!’’

आईचं नाव घेतल्यावर मी पुन्हा वाकले. धपाटे बसले. लिम आंटींचा हात आता सैल झाला होता. तेवढ्यात निखिलचा चेहरा पडला. कार्ड भरलं होतं. सकाळपासून त्याने पाळण्याची दोरी, फुलं आणि वाटीतले घुगरीचे हरभरे यांचं जसंच्या तसं चित्रण केलं होतं. हरभऱ्यांतलं काहीच फेकून दिलं नव्हतं!

‘‘नाव कोणी उच्चारू नका,’’ कार्ड रिकामं करता करता तो पाहुण्यांना म्हणाला. ‘‘पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा.’’

तिसऱ्या टेकला पाहुण्यांनी नाव सांगण्याआधीच टाळ्या वाजवल्या. शिवाय बॅटरी संपली.

‘‘वन मोर, आह?’’ लिम आंटींनी बाही वर सारली. ‘‘कॅन, कॅन!’’

‘‘ताई, मघाशी तू डाव्या कानाकडे वाकली होतीस,’’ निखिल नवी बॅटरी बसवत म्हणाला. ‘‘तसंच वाक.’’

‘‘मघाशी मला वाकता येत होतं!’’

चौथा टेक पूर्ण झाला. बाळ झोपलं होतं. जेवणं गार झाली होती. मला खुर्चीला टेकून बसता येत नव्हतं.

फाइल पुण्याला जाईना. निखिलचा लॅपटॉप तिला उघडून गप्प बसला. शेवटी संध्याकाळी त्याने तिची छोटी प्रत केली. रंग द्यायला वेळ नसल्याने ती तशीच पाठवली. लगेच आईचा फोन आला.

‘‘अरे, सगळे राख फासल्यासारखे का दिसताय? बाळ बरं आहे ना?’’

‘‘रॉ असंच दिसतं, आई. रंग आत आहेत. नंतर बाहेर काढायचे.’’

‘‘मग काढून पाठवायचेस की! आणि ती बाई कोण? ताईला का मारतेय?’’

‘‘शेजारीण आहे.’’

‘‘भांडण झालंय का?’’

‘‘आई, आवाज ऐक ना, म्हणजे कळेल.’’

‘‘पंख्याचा येतोय.’’

निखिलने टेबलाकडे पाहिलं. वेगळा घेतलेला माइक खोक्यातच होता. चार वेळा जाहीर केलेलं नाव एकदाही रेकॉर्ड झालं नव्हतं!

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. निदान आईला तरी नाव माझ्याकडून कळणार होतं. ‘‘आई, मी सांगते. नाव ठेवलंय रेवा!’’

‘‘हो गं, माहितीये,’’ आई म्हणाली. ‘‘सायलीने विचारलं होतं ना मागेच. मीच म्हटलं, रेवा ठेवा.’’

सायलीने या माहितीला दुजोरा दिला. शेजाऱ्यांना उच्चार जमतो का हे पाहण्यासाठी तिने ते नाव बारशाच्या आधीच लिम आंटींनाही सांगितलं होतं. त्यांना जमलं होतं.