आई निजली की मोटारी बंद

सोलापूरहून निघालेली बस तामलवाडी ओलांडते आणि पुढे घाट लागतो, तिथे माझी झोप मोडली. भाद्रपद संपत आला होता. माळावर आभाळाच्या सावल्या फिरत होत्या, पण एकीनेही कुठे थेंब टाकल्याचे दिसत नव्हते. बसमधले निम्मे लोक पेंगत होते. तुळजापूरच्या स्टँडवर उतरलो तर गावही पेंगत असल्यासारखे.

तुळजापूरची भवानी त्या दिवसांत खरोखर निजलेली असते. नवरात्राआधी तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात (या झोपेला घोर निद्रा म्हणतात), ती घटस्थापनेला उठते. ती निजली की इथली कितीतरी माणसे आपली गादी गुंडाळून ठेवतात आणि भुईवर झोपतात.

मला न्यायला सुनंदा आली होती. ती माझ्या मित्राची धाकटी बहीण, तुळजापूरच्या पुजारी घरातली. पंचायत समितीत तालुक्याचा हवामान-बदलाचा कार्यक्रम तिच्याकडे आहे. पदाचे नाव इतके लांब, की जीपच्या काचेवर ते दोन ओळींत लिहावे लागले आहे. दुसरी ओळ वायपरने निम्मी खाल्ली आहे.

"बरं झालं आलात दादा. उद्या माझी फजिती आहे, घरचं कुणीतरी बघायला पाहिजे," ती म्हणाली.

लोहाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर तिने सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वी ती एका गावात भूजलावर बोलायला गेली. पडद्यावर आलेख, समोर डुलक्या. तेवढ्यात काशीबाई नावाच्या म्हातारीने विचारले, "आई निजती तवा आमी गादीवर न्हाय निजत. मंग तिच्याच भुईतलं पाणी तेवढं का उपसायचं?" सुनंदाने आलेख बंद केले आणि म्हातारीचे बोलणे ग्रामसभेच्या ठरावात जसेच्या तसे लिहून घेतले. तेव्हापासून घोर निद्रेत त्या गावातल्या शेताच्या मोटारी बंद असतात. पिण्याचे पाणी हापशावरून भरतात. जमीन तेवढे दिवस आपले आपण पाणी मुरवते. वरून आलेली कुठलीही योजना त्या गावात इतकी पाळली गेली नव्हती.

"मग फजिती कसली?"

"सामुदायिक सौर पंपाचं उद्घाटन आहे. पाहुणे बटण दाबणार, पाणी उडणार, फोटो. पाहुण्यांच्या सवडीनं तारीख आली आणि मी सही केली. पुजाऱ्याची लेक मी, पण पंचांग बघितलं नाही. देवी निजलेली असतानाची तारीख आहे, दादा. नंतर तीनदा पत्र पाठवलं. देवीच्या झोपेचा शासकीय कार्यक्रमाशी संबंध काय, असं उत्तर आलं."

गावाचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर तिथे आणखी एक पाहणी समिती जाईल. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शिवारात शिरलो आणि काय चुकल्यासारखे वाटते ते क्षणभर कळेना. मग ध्यानात आले, कुठेच मोटारीची घरघर नव्हती. पिवळसर सोयाबीन, त्यावर तरंगणारी फुलपाखरे, दूर कुणीतरी बैलाशी बोलत होते आणि ते बोलणे इथवर स्वच्छ ऐकू येत होते. चालता चालता आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलो आहोत आणि पाय वाजवू नयेत, असे वाटत राहिले.

बांधावर दगडूअण्णा बसले होते. तीन आठवडे पावसाने उघडीप दिलेली, शेंगा भरायची वेळ, आणि अण्णांच्या पिकाने माना टाकलेल्या. पंचवीस पावलांवर त्यांचा बोअर.

"मॅडम, म्या शब्द मोडणार न्हाय," ते सुनंदाला म्हणाले. "पण उद्या सायबाची मोटार चालली, तर माजी बी चालंल. माजी चालली की शेजाऱ्याची. सांजपातुर सगळं शिवार घुमंल बगा."

"अण्णा, चूक माझी आहे."

"चूक तुमची, पर वाळतंय माजं."

सुनंदाने मान खाली घातली.

जेवायला काशीबाईंकडे भाकरी, शेंगांची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची ऊन ऊन पातळ पेज) होते. मी सगळ्यांसाठी ठेवलेली चटणी एकट्याने संपवली. "पाव्हण्यांना लई तिखट लागत न्हाय वाटतं," म्हातारी म्हणाली. डोळ्यांतले पाणी पुसत मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मांडव, सनई, फेटे. पर्यावरणाच्या कार्यक्रमाला पाहुणे अकरा गाड्यांनी आले. सहा भाषणांत पृथ्वीला सहा वेळा वाचवण्यात आले. गर्दीच्या कडेला दगडूअण्णा उभे होते. त्यांची नजर भाषणाकडे नव्हती, बटणावर होती.

पाहुणे उठले. सुनंदाने माइक घेतला.

"साहेब, आज पाणी काढायचं नाही. या गावाचा तसा ठराव आहे. मी तो विसरून तारीख दिली. चूक माझी आहे, गावाची नाही. पंप घटस्थापनेला चालू होईल."

तिच्या वरिष्ठांनी तिच्याकडे असे पाहिले, की बदलीचा हुकूम तिथेच लिहून झाला असावा.

"मग मी काय करायला आलोय?" पाहुण्यांनी विचारले.

उत्तर काशीबाईंनी दिले. त्या बसल्या जागेवरून उठल्या, खांद्यावरची वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) पुढे केली आणि म्हणाल्या, "निजलेल्याला काय करत्यात बाबा? पांघरूण घालत्यात. घाला, अन् चला जेवाय."

कुणीतरी फिसकन हसले. पाहुणे मुरलेले राजकारणी होते. गर्दी कुठे चालली आहे हे त्यांना पाण्याला उतार कळावा तसे कळते. त्यांनी वाकळ घेतली आणि लकाकत्या नव्या पंपावर दोन्ही हातांनी नीट पसरली. वरच्या कोपऱ्याची सुरकुतीसुद्धा सारखी केली. फोटो निघाले. सनईवाल्याला काय वाजवावे ते कळेना, म्हणून त्याने अगदी हळू काहीतरी वाजवले.

परतताना शिवारातून आलो. संध्याकाळ उतरत होती आणि एकही मोटार घुमत नव्हती. लोहाऱ्याला एस.टी.त बसवताना सुनंदा म्हणाली, "बदली करून कुठंही टाकू देत आता."

घरी आल्यावर वर्तमानपत्रात वाचले, की मान्यवरांच्या हस्ते सौर पंप कार्यान्वित झाला. असेल. जिल्ह्याच्या अहवालातही तसेच जाईल, आणि हवामानासाठी कुणी काय केले याची यादी त्या मांडवातल्या खुर्च्यांच्या क्रमानेच लागेल.

पण निघताना मी दगडूअण्णांच्या बांधावर थांबलो होतो. त्यांनी एक शेंग फोडून माझ्या तळहातावर ठेवली. आत तीन दाणे होते, मुगाएवढे.

"एवढंच भरलंय," ते म्हणाले. "घट बसायला अजून चार दिस हायत."

मग त्यांनी बोअरच्या स्टार्टरच्या पेटीचे वाऱ्याने उघडलेले दार लोटून कडी घातली आणि आभाळाकडे न बघता घराकडे निघाले.