इराच्या रिपोर्टसाठी मैलापूर

चेन्नईला निघालेली माणसं आधी समुद्रकिनारे शोधतात. मी गेले ती मावसबहीण वैशालीच्या दीड वर्षाच्या इराची शेवटची एचआयव्ही तपासणी होती म्हणून. वैशालीला एचआयव्ही आहे, हे आमच्याकडे फक्त मला आणि तिच्या आईला, म्हणजे मावशीला, ठाऊक. कळल्यापासून तीन वर्षं मावशी लेकीकडे फिरकलेली नाही. "पोरीचा रिपोर्ट चांगला येऊ दे, मग बघू," असं म्हणत तिने माझ्या बॅगेत शेंगाचटणीसोबत स्टीलचं एक ताट कोंबलं. त्यावर दुकानातून नाव घालून आणलेलं, वैशाली.

सोलापूरहून स्लीपरने निघून सकाळी एग्मोरला उतरले. स्टेशनबाहेर घासाघीस करू नका, ॲपवरून रिक्षा बोलवा. वैशाली राहते ते मैलापूर दीडशे रुपयांच्या आसपास पडतं. तिथल्या देवळाच्या तळ्याजवळच्या मेसमध्ये पोंगल-वडा आणि फिल्टर कॉफी झाल्याशिवाय पुढे हलायचं नाही, हा माझा हुकूम!

घरी पोचल्यावर ताट काढून दिलं. त्यावरचं नाव वाचून वैशालीचा चेहरा उतरला. "माझं वेगळं ठेवायला ना?"

तिचा नवरा संतोष ओरगडमला कारच्या कारखान्यात आहे. त्याने तेच ताट ओढून त्यात इडल्या घेतल्या. "ताई, आम्ही रोज एकाच ताटात जेवतो. माझी टेस्ट निगेटिव्हच येते." मला माझीच लाज वाटली. वैशालीच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी प्यायला मीही कचरले असते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात समुपदेशक बाईंना मी भीत भीत सगळं विचारलं. त्या तंजावरकडच्या मराठी निघाल्या.

"जेवणानं, मिठीनं, डासानं होत नाही अम्मा. रक्तातनं, वापरलेल्या सुईतनं, कंडोमशिवायच्या संबंधातनं होतं. आईकडनं बाळालाही. पण ही रोज गोळी घेते, रक्तात विषाणू सापडत नाही. मग नवऱ्याला संबंधातनं होत नाही. बाळाचा धोका अगदी थोडा राहतो, म्हणून ही तपासणी."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. वैशाली तिथल्याच बाकावर बसून रडली, आणि इरा तिचे डोळे पुसायला लागली. संध्याकाळी मरीनावर चौघांनी एकाच पुडीतलं गरम सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाल्लं. इतकं निवांत मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी परतल्यावर मावशीला सांगितलं. ती हरखली. "नातीला घेऊन ये म्हणावं. माझ्या हाताने भरवीन."

"आणि वैशालीला? तिचा रिपोर्ट पॉझिटिव्हच राहणार, मावशी. पण तिला जवळ घ्यायला कधीच काही हरकत नव्हती."



"तीन वर्षं तिच्या डोक्याला तेल लावलं नाही गं मी," मावशी म्हणाली. "चेन्नईची गाडी कधी असते?"