मार्गारेटबाईंचे गुडघे

धुळ्याच्या स्टँडवरून मुंबईची बस त्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा सुटली, आणि त्याला सर्वस्वी माझे वडील जबाबदार होते. नाना बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीत पंच आहेत. त्यामुळे गाडी थांबवायचा आणि प्रार्थना लांबवायचा, हे दोन्ही अधिकार आपल्याकडेच आहेत असं त्यांना आजही वाटतं.

बॅग वर टाकून मी खिडकीशी बसले, तर नाना आत चढले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आधी विमानासाठी प्रार्थना झाली. मग वैमानिकासाठी, मग तो घरी भांडून आला असेल तर त्याच्या बायकोसाठी, मग कसारा घाटासाठी. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा होता, पण ओढायची कशी? नाना इंग्लंडच्या हवामानापर्यंत पोचले तेव्हा मागच्या सीटवरचे शिरपूरचे एक कापूसवाले म्हणाले, “नाना, मन्ही आंडेरनी बारावी शे. तिनाकरता बी दोन शबद टाका ना.” नानांनी त्यांच्या लेकीसाठी टाकले. मग आणखी तिघांनी नावं सांगितली, त्यांचीही सोय झाली. शेवटी सगळ्या बसनं मिळून जे ‘आमेन’ म्हटलं ते आमच्या चर्चमध्ये नाताळालाही होत नाही.

खाली उतरून नाना खिडकीपाशी आले. म्हणाले, “ध्यानमा ठेव बेटा. ज्या गावमा दार ना ठोकता जावाले एक बी घर नही, ते गाव नही, स्टँड शे.” मालेगाव येईपर्यंत मी रडले. मग भूक लागली.

तुम्ही जे धुळ्यात राहिलात, आणि माझ्यासारखे जे पोटामागे कुठे कुठे निघून गेलात, त्या सगळ्यांना हे सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हात आहे. हात म्हणजे खरोखरच हात, सुईदोऱ्यासकट.

आमच्या गल्लीत दार पोस्टमन ठोकायचा, नाहीतर पोलीस. बाकीचे सरळ आत यायचे. शेजारच्या रमाअक्का, रिटायर्ड शिक्षिका, बौद्ध घरातल्या. नाताळाच्या करंज्या आमच्याकडून त्यांच्याकडे, जयंतीची खीर त्यांच्याकडून आमच्याकडे. अक्का चपला दाराशी सोडून थेट चुलीपर्यंत जायच्या, कढईतली शेवभाजी चाखायच्या आणि जाहीर करायच्या, “मीठ कमी शे.” आई होती तोवर आई चिडायची. आई गेली त्या महिन्यात अक्का रोज यायच्या आणि मीठ बरोबर असलं तरी कमी आहे म्हणायच्या, म्हणजे नाना उठून मीठ आणायचे आणि निदान चार पावलं चालायचे. नानांचा धर्म पुस्तकात कमी आणि असल्या येण्याजाण्यात जास्त आहे. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर त्याच्या घरातलं मीठ माहीत पाहिजे, असं ते मानतात.

आणि मी आले उत्तर इंग्लंडातल्या एका लहान गावात, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नर्स म्हणून. येताना मंडळीतल्या बायकांना वाटत होतं, मी पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, आणि मिशनऱ्यांच्या देशात चालले आहे, तिथे रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा स्तोत्र म्हणत असेल. माझ्या घराच्या कोपऱ्यावरच्या सुंदर दगडी चर्चमध्ये पहिल्या रविवारी मी साडी नेसून गेले. आत गालिचे विकत होते. विक्रेत्यानं मला फार नम्रपणे विचारलं की बेडरूमसाठी हवा की हॉलसाठी.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, आर्थर नावाचे एक उंच, मिशाळ, रिटायर्ड प्लंबर राहायचे. चौदा महिन्यांत त्यांच्याकडून मला एकच पत्र आलं. दारातून आत सरकवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘हिरवा बिन मंगळवारी.’ म्हणजे कचऱ्याचा हिरवा डबा मंगळवारी बाहेर ठेवायचा. इंग्लंडमध्ये मला आलेलं, हातानं लिहिलेलं हे पहिलं पत्र, म्हणून मी ते फ्रिजवर लावलं. वाईट वाटून घ्यायचं की बरं, हे काही ठरेना.

नाना दर रविवारी फोन करायचे. पगार किती, थंडी किती, असलं ते कधी विचारत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न. “एखादं घर उघडं शे का तठे तुन्हाकरता?” पहिले दोन महिने मी विषय बदलला. तिसऱ्या महिन्यात त्यांचा आवाज जरा बारीक झालेला वाटला, रात्री झोप लागत नाही म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हो नाना, आहे ना. शेजारीच.”

“नाव काय तिनं?”

ती बाई आहे हे त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, मार्गारेट.

“तब्येत कशी शे तिनी?”

आता खोट्याला हाडं पाहिजेत, नाहीतर ते उभं राहत नाही. आमच्या मंडळीत पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईचं जे दुखतं तेच मी सांगितलं. गुडघे.

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय! पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय वाचले, त्यात मालतीबाईंचा मोतीबिंदू, एका पोराची अॅडमिशन आणि ‘इंग्लंडातील मार्गारेटबाईंचे गुडघे’. आमच्या मंडळीत एकदा यादीत चढलेलं नाव खाली उतरायला दोनच रस्ते आहेत. एक तर माणूस बरं होतं, नाहीतर प्रभूकडे जातं. बरी झाली म्हणावं, तर नाना उभे राहून सगळ्यांसमोर साक्ष देणार. ज्या माणसानं आयुष्यात खोटं मेडिकल सर्टिफिकेटसुद्धा दिलं नाही त्याच्या तोंडून देवासमोर माझं खोटं निघणार. मारून टाकावी, तर शोकसभा, आणि शोकसभेत मालतीबाई नक्की रडणार. म्हणून मी दर रविवारी सांगायचे, “आहे तसंच आहे.” कधी डावा गुडघा सांगितला, कधी उजवा. अख्ख्या खानदेशात एवढी चिवट गुडघेदुखी कुणाची नसेल.

असं वर्ष गेलं. मग खानदेशातल्या असोद्याचं एक जोडपं जवळच्या शहरात नोकरीला आलं आणि त्यांच्या बॅगेतून माझ्यासाठी एक गाठोडं आलं. बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, होत्या, काळा मसाला होता आणि खाली एक गोधडी. मंडळीतल्या सगळ्या बायकांनी मिळून शिवलेली, रमाअक्कांसकट. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं, ‘मार्गारेटबाईंस, धुळेकरांकडून’. गुडघ्यांना ऊब मिळावी म्हणून मधला भाग दुहेरी केला होता. आणि त्या मधल्या भागात एक निळा तुकडा होता. आईचं निळं पातळ. नानांनी ते पेटीत जपून ठेवलं होतं, माझ्या बहिणीनं मागितलं तरी दिलं नव्हतं. ते त्यांनी मार्गारेटसाठी कापून दिलं होतं.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. लाज वाटली, इतकी की ती कुठे ठेवावी कळेना. तेवढ्यात नानांचा मेसेज आला: येत्या रविवारी उपासनेनंतर व्हिडिओ कॉल. बठ्ठासले मार्गारेटबाई पाहावनी शे. बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, अख्ख्या मंडळीला.

केअर होममधल्या एखाद्या आजीला तासभर मार्गारेट करावं, असाही विचार मी केला, खोटं कशाला बोलू. खरी मार्गारेट नावाची एक आजी होतीसुद्धा, पण ती मला पोस्टऑफिसातली बाई समजायची. शेवटी शनिवारी संध्याकाळी मी गोधडी उचलली, बाहेर आले, आणि आर्थरचं दार ठोकलं. ठोकलं, हे नानांना सांगू नका.

दारात उभं राहून मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे भारतात एवढी माणसं वर्षभर माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करताहेत?”

“तुमच्या नाही. मार्गारेटच्या.”

“पण मार्गारेट नाही.”

“नाही.”

“या भिंतीपलीकडे मीच राहतो.” त्यांनी जरा विचार केला. “माझे गुडघे ठणठणीत आहेत. कंबर गेली आहे.” मग म्हणाले, “मी चर्चमध्ये शेवटचा गेलो तो गालिचा घ्यायला. पण ज्यांनी हे शिवलं त्यांना मला बघायचंय. लिपस्टिक मात्र लावणार नाही.”

मी म्हटलं, तशी गरज नाही, मी उद्या खरं सांगणार आहे. निळा तुकडा कुणाचा तेही सांगितलं. त्यांनी गोधडी हातात घेतली आणि घडी घालताना निळी बाजू वर राहील अशी घातली.

रविवारी नानांचा फोन पाळकसाहेबांच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर सत्तर-ऐंशी डोकी एकावर एक. मी तोंड उघडणार इतक्यात आर्थर गळ्यापर्यंत गोधडी ओढून कॅमेऱ्यात वाकले आणि म्हणाले, “हॅलो, डुले.”

सगळी डोकी फोनकडे सरकली. मग मालतीबाईंचा आवाज, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे आत्मविश्वासानं भरलेला: “ओ माय! मार्गारेटबाईले मिशा शेतस!”

मंडळी हसली, पाळकसाहेब हसले, रमाअक्कांनी पदर तोंडाला लावला. एकटे नाना हसले नाहीत. मी सांगून टाकलं. मार्गारेट नाही, कधीच नव्हती, हे आर्थर, यांचे गुडघे चांगले आहेत, आणि नाना, मला माफ करा. मला रडू येत होतं आणि आर्थर शेजारून मला किचन टॉवेल देत होते.

नाना फोनच्या इतके जवळ आले की नुसतं नाक दिसायला लागलं.

“माले माहीत व्हतं,” ते म्हणाले.

“कसं?”

“वरीसभर तू तिना गुडघा सांगा. एक दिन बी नही सांगं, का तिना घर काय खादं. मानूस कोना घर जास, ते पयले खायेल सांगस.”

“मग प्रार्थना का करत राहिलात? आईचं पातळ का कापलंत?”

नाक जरा मागे गेलं, डोळे दिसले. “मी देवले सांगत ऱ्हायनू, मार्गारेट नही व्हई ते एखादी धाडी दे. आते कोनी येवाना व्हतं, ते त्याले पांघराले नको का?” आणि आर्थरकडे बघून, मिशांवर जरा थांबून, म्हणाले, “देवनी मर्जी.”

आर्थरनी विचारलं, काय म्हणाले? मी भाषांतर केलं. मिशांचा भाग गाळला.

आता यादीत ‘इंग्लंडातील आर्थरभाऊंची कंबर’ आहे. ते अजूनही कोणत्याच चर्चमध्ये जात नाहीत, पण सोमवारी सकाळी कुंपणावरून विचारतात, कालचं काय झालं, माझा नंबर कितवा होता? मोतीबिंदू यादीतून गळाल्यापासून ते दुसऱ्या नंबरवर आले आहेत, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांनी दाराची कडी दिवसा लावायची नाही असं ठरवलं. मी पहिल्यांदा न ठोकता आत गेले तेव्हा ते मोज्यात होते, दचकले आणि हातातला कप फुटला. दुसऱ्यांदा मीच घाबरले. पाचव्या वेळेपर्यंत दोघांनाही जमलं. ते माझा हिरवा बिन मंगळवारी बाहेर काढतात, मी त्यांच्या कंबरेला शेक देते. गोधडी त्यांच्या खुर्चीवर असते, आणि निळ्या तुकड्यावर ते पाठ टेकवत नाहीत. एवढ्या थंडीत तो तुकडा समोर दिसला की मला घरी आल्यासारखं वाटतं, आणि हे घर कुठलं, असा प्रश्न मी आता स्वतःला विचारत नाही.

परवाच्या रविवारी नानांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. घर उघडं शे का?

मी म्हटलं, “नाना, आज आर्थरकडे जेवले. वाटाणे होते. उकडलेले. बटाटे होते. तेही उकडलेले. फोडणी नाही, मिरचीचं तर नावच नको, आणि मीठ...”

“कमी व्हतं?”

“नव्हतंच.”

धुळ्याहून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नानांनी एक मोठा श्वास सोडला. गाडी डेपोत लावून उतरताना सोडायचे तसा.

“मंग खरंच जास तू त्याना घर,” ते म्हणाले.