रामटेके मॅडम आणि तळ्यावरच्या पाच पोरी

रामटेके मॅडम प्रश्न विचारत आणि मग गप्प बसत. आपण खाकरलो, तंबाखू मळली, जाळं झटकलं, तरी त्या हलत नसत. उत्तर येईपर्यंत तोंडाकडे पाहत राहत. पहिल्यांदा आमच्या तळ्याच्या पाळीवर आल्या तेव्हा असंच झालं. चपला हातात, साडीचा काठ चिखलात, मागे कॉलेजच्या पाच पोरी. मला म्हणाल्या, "काकाजी, या मासोळीचा भाव कोन ठरवते?"

"गोंदियाचा ठेकेदार."

"त्याले कोनं ठरवू देल्लं?"

चाळीस वर्षं जाळं टाकत होतो, कोणी विचारलंच नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला ढिवर माणूस. गोरेगाव तालुक्यात आमची मच्छीमारांची सोसायटी आहे, तिचा मी तेव्हाही अध्यक्ष होतो, म्हणजे सही करणारा. मॅडम तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला शिकवत. देवरीकडून एसटीनं येत. नोकरी पक्की नव्हती, तासिकेवर होती. जूनमध्ये यादी लागायची, नाव असलं तर वर्ष निघायचं.

त्या वर्षी विद्यापीठानं अभ्यासक्रम नवा केला होता. नुसतं पुस्तक वाचून चालणार नाही, पोरांनी एखाद्या धंद्यात बसून काम शिकायचं, त्याला इंटर्नशिप म्हणायचं, ती नाही केली तर डिग्री नाही. बेत चांगला होता, मी वाईट म्हणणार नाही. पण फॉर्मवर कंपनीचं नाव मागत होते. आमच्याकडे कंपनी कुठं आहे? राईस मिलवाले पोरींना आत घ्यायला तयार नव्हते. गोंदियात एक दुकानदार होता, तो कोणी न येताच शिक्का मारून द्यायचा. अर्धं कॉलेज त्याच्याच दुकानात शिकत होतं म्हणा ना.

मॅडमला त्याची चीड होती. म्हणायच्या, "अभ्यासक्रम नवा केला म्हणतात, अन् आतमधी उदाहरण मुंबईच्या मॉलचं. माह्या पोरींनं मॉल नाई पाह्यला, तळं पाह्यलं आहे." म्हणून त्यांनी विद्यापीठाला लिहिलं की सोसायटीत इंटर्नशिप करू द्या. नकार आला. परत लिहिलं. परत नकार, शिकवणारा पदवीधर पाहिजे म्हणे. मी म्हटलं, "जाऊ द्या ना मॅडम, कायले डोकं फोडता?" त्या म्हणाल्या, "नाई म्हन्ले तं म्हन्ले. लिहून तं पाठवू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बस चुकली तरी डेपोला लिहून पाठवणारी बाई होती ती. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की सध्या करू द्या, आमचे लोक येऊन पाहतील, मग ठरवू. प्रिन्सिपलनं सांगितलं, तुमच्या जबाबदारीवर करा.

संक्रांतीपासून पोरी येऊ लागल्या. जाळं मी टाकायचो, पण खरं शिकवलं माझ्या बायकोनं, अनसूयानं. ती आठवडी बाजारात मासोळी विके. लहान मासोळी पुढे मांडायची, मोठी रोहू ओल्या पोत्याखाली ठेवायची. गिऱ्हाईक वळून चाललं की पोरी घाबरत, तर ती म्हणे, "जाऊ द्या त्याले, चार पावलं गेला का येते." आणि यायचा. मॅडम तिच्या बाजूला पोत्यावर बसून लिहून घेत. अनसूया त्यांना चिडवायची, "काहो मॅडम, तुम्हाले कोनतं सर्टिपिकेट पायजेन?" मॅडम हसत, पण लिहिणं थांबवत नसत.

पोरींत दुर्गा नावाची एक हुशार होती. तिनं पाहिलं की दुपारनंतर मासोळी उरते आणि मग ठेकेदार म्हणेल त्या भावानं जाते. तिनं मास्तर लोकांचे, दवाखान्यातल्या लोकांचे फोन नंबर गोळा केले. जाळं टाकायच्या आदल्या दिवशी फोनवर सांगायची, कोणाला किती पाहिजे ते. दोन महिन्यांत आमची अर्धी मासोळी ठेकेदाराकडे गेलीच नाही. हे काम पदवीधरानं केलं असतं तर पेपरात आलं असतं.

मे महिन्यात विद्यापीठाचे दोन साहेब गाडीनं आले. पाळीवर उभे राहिले. मॅडमच्या हातात रजिस्टर होतं, कोणती पोरगी कधी आली, कधी गेली, सगळं तारखेनं लिहिलेलं. मोठे साहेब त्यांना म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला थांबा. आम्ही यांच्याशी बोलतो." मग मला विचारलं, "मुली रोज किती तास यायच्या?"

"रोज कोठून येतील साहेब? मोहफुलं पडत होती. पंधरा दिवस एकबी पोरगी आली नाई. सारे मोह वेचाले."

"मग तास कसे भरले?"

"तास पाहून मासोळी जाळ्यात येते काय?"

लहान साहेब हसले. मला वाटलं, काय जवाब दिला! छाती काढून उभा राहिलो. मोठ्या साहेबांनी चार ओळी लिहिल्या, फाईल बंद केली आणि गाडीत बसले. मॅडम रजिस्टर घेऊन मागे धावल्या. काच खाली झाली नाही.

घरी येऊन मी अनसूयाला फुशारकीनं सांगितलं. ती भाकर थापत होती, तिचा हात थांबला. "बाजाराच्या दिवशी पोरी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बसत, ते काऊन नाई सांगतलं?"

"त्याईनं विचारलं नाई."

"विचारलं नाई म्हून सांगतलं नाई! तोंड तं लय चालते तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कॉलेजात गेलो. प्रिन्सिपलला म्हटलं, माझं अजून सांगायचं राहिलं आहे, लिहून घ्या. ते म्हणाले, कमिटी गेली, आता विद्यापीठात जा. विद्यापीठात कोणाकडे जायचं, तर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. क्लार्कनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि जेवायला निघून गेला. सायंकाळपर्यंत बसलो. मॅडमनं तिकडे पत्रावर पत्र पाठवलं. शेवटी उत्तर आलं ते एका ओळीचं. इंटर्नशिप नामंजूर, पंधरा दिवसांत दुसरीकडून प्रमाणपत्र आणावे. चार महिन्यांचं काम नामंजूर, आणि पंधरा दिवसांत दुसरं आणा. हे लिहिताना त्या माणसाला लाज वाटली नसेल का?

त्यानंतर आठवड्यानं मॅडम एकट्या तळ्यावर आल्या. चपला पायातच होत्या. म्हणाल्या, "काकाजी, पोरींनं शिक्का आनला."

"त्या गोंदियावाल्याचा?"

"हो. मीच सांगतलं त्याईले, जा म्हून. वर्ष गेलं असतं तं दुर्गाचं लगन लावून देत होते घरचे."

मी म्हटलं, "मॅडम, मी खोटं बोलाले पायजे होतो काय?"

या वेळी उत्तराची वाट पाहणारा मी होतो. मग त्या म्हणाल्या, "खोटं कायले? तुम्ही खरंच बोलले. पन अर्धं बोलले, काकाजी. बाकीचं अर्धं माह्या हातात होतं अन् मले बाजूले उभं केलं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अनसूयानं त्यांना चहा दिला. त्या तिच्याजवळ बराच वेळ बसल्या. जूनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कोणी म्हणे छत्तीसगडकडे एका शाळेत लागल्या, कोणी म्हणे घरीच आहेत. माझ्याजवळचा त्यांचा नंबर लागत नाही.

त्याच पावसाळ्यात अनसूया गेली. चार दिवसांचा ताप. बाजारात तिची जागा अजून कोणी घेतली नाही. मी मासोळी घेऊन उभा राहतो आणि परत येतो. गिऱ्हाईक चार पावलं गेलं की मला हाक मारावीशी वाटते, तिच्यासारखं थांबणं मला जमत नाही.

यंदा कॉलेजातून एक नवे सर मोटारसायकलवर आले. फॉर्म नवा होता. आता सोसायटी चालते, आठवडी बाजार चालतो, शिकवणारा पदवीधर नसला तरी अनुभवी माणूस चालतो, तसा वेगळा रकानाच केला आहे. मी विचारलं, "हे कोनाच्या लिहिण्यानं झालं?" ते म्हणाले, "वरूनच आलं आहे, बाबाजी." रामटेके मॅडमचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

त्यांनी पेन पुढे केलं. "सहा पोरांची नावं आहेत. तुम्ही खाली सही करा, तास मी भरून टाकतो. त्यांना इथपर्यंत यायची गरज नाही."

मी म्हटलं, "सर, शिकवनारी मेली. पोरींले घेऊन येनारी गेली. मी उरलो, मले जेवढं येते तेवढं सांगीन. पोरं आना. अन् सांगतो तवा सारं लिहून घ्या, अर्धं नाई."

त्यांना वाटलं म्हातारा सटकला आहे. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बघतो." बाजाराचे तीन दिवस होऊन गेले. पोरं आली नाहीत. गोंदियाचा तो दुकानदार अजून आहे, असं ऐकतो.